कुणामुळं का कशामुळं?

आज डोकं फिरलंय. लांबलचक लिहिणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

मी लातूरच्या एका दालमिलमध्ये हिशेब बघतो. (कोणती ते विचारू नका, पोटाचा प्रश्न आहे.) सकाळी परगावच्या व्यापाऱ्याचा फोन आला, तूरडाळीचे ३० किलोचे कट्टे दोन-सव्वादोनशे ग्रॅमनं कमी भरलेत. मालकांचा पहिला प्रश्न, "काट्यावर कोण होतं?" होतं एक गंगाखेडकडचं पोरगं. त्याचे १,२०० रुपये कापले. पाच मिनिटांत विषय मिटला.

आपल्याकडं 'कशामुळं' कुणी विचारत नाही, 'कुणामुळं' विचारतात.

आमच्या आबांचंही हेच. एका रब्बीत विहिरीवरची मोटर तीनदा जळाली. पहिल्यांदा सालगड्याला शिव्या, दुसऱ्यांदा चुलत्याशी भांडण. तिसऱ्यांदा औशाच्या वायंडिंगवाल्या चाचांनी मोटर उघडून आबांच्या पुढ्यात ठेवली. दोन फेजची तार काळी ठिक्कर, तिसरी कोरी. "काका, भरून देतो, पैसे मलाच मिळतेत. पण ही एक फेज गेल्यावर जळालीय. प्रिव्हेंटर कुठंय?" आबा गप्प. प्रिव्हेंटर म्हणजे तीनपैकी एक फेज गेली की मोटर आपोआप बंद करणारी डबी. डीपीवरचा एखादा फ्यूज उडायचा, फेज जायची, प्रिव्हेंटर मोटर बंद पाडायचा, म्हणून आबांनीच तो काढून स्टार्टर डायरेक्ट केला होता.

कंपन्यांतले लोक पाच वेळा 'का' विचारायचं ट्रेनिंग घेतात. टोयोटाच्या ताइची ओनोंचं गाजलेलं उदाहरणही फ्यूजपासूनच सुरू होतं. मशीन थांबलं, कारण फ्यूज उडाला. फ्यूज उडाला, कारण लोड आला. लोड आला, कारण बेअरिंगला तेल पुरत नव्हतं. तेल पुरेना, कारण पंप खेचेना. पंप खेचेना, कारण त्याचा शाफ्ट झिजलेला, आणि झिजला कारण जाळी नसल्यानं लोखंडाचा कीस आत गेला. नुसता फ्यूज बदलला असता तर पुन्हा उडालाच असता. चाचांनी हे ट्रेनिंग कुठंच घेतलेलं नाही.

आणि आपण! २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आपण स्टेशनवर जाऊन फोटो काढले. पाऊस झाला, विसरलो. जाऊ द्या, तो विषय काढला तर रात्र पुरायची नाही.

मान्य, कधी कधी चूक माणसाचीच असते. काट्याला हळूच पाय लावणारे महाभाग मी पाहिलेत. आणि शेवटचं कारण दरवेळी आपल्या हातात असतं असंही नाही. चाचांनी पुन्हा पुन्हा विचारल्यावर आबा चिडून म्हणाले होते, "लाईट येते रात्री दोनला. प्रिव्हेंटर पडला की साप तुडवीत तू जातो का मोटर चालू करायला?" त्यावर चाचाही गप्प. पण त्यांनी प्रिव्हेंटर बसवल्याशिवाय मोटर दिली नाही. त्यानंतर ती जळाली नाही, हेही खरं.

दुपारी राहवेना म्हणून काट्याजवळ जाऊन उभा राहिलो. वर कट्टा नाही, तरी काटा २२० ग्रॅम दाखवतोय. ताटावर डाळीची पिवळी भुकटी बसलेली. पोरगं म्हणालं, "सकाळी शून्य करतो भैया. झाडतो बी. पण गिऱ्हाईकाची गाडी लागली की झाडायला वेळ कुठंय?" भुकटी येते कुठून? मागं धूळ ओढायच्या मशीनची पिशवी हातभर फाटलीय. ती का बदलली नाही? ऑपरेटर म्हणाला, महिना झाला चिठ्ठी देऊन. पाचशेच्या वरची खरेदी मालकांच्या सहीशिवाय होत नाही.

सहीला कागद मीच नेतो.

चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये निघाली, वीजबिलाखाली. आणि पोराचे १,२०० कापल्याची नोंद सकाळी मीच केली होती, चांगल्या वळणदार अक्षरात. उद्या दोन्ही कागद घेऊन मालकांपुढं उभा राहणार आहे. ते पहिल्यांदा काय विचारतील ते मला माहितीय.