अभ्यास आहे हो थोडाफार!

"कुंडीसाठी चाफा सुचवणं चूक. तो परदेशी. देशी बहावा, तामण लावा. कढीपत्ता हे झाड नव्हे, झुडूप. थोडा अभ्यास करून लिहीत जा." गच्चीवरच्या छोट्या झाडांच्या लेखावर ही तुमची प्रतिक्रिया. आभार.

शेवटचं वाक्य मात्र खटकलं. समोरासमोर कुणाला असं म्हणाल का? माझे वडील हडपसरला एका नर्सरीत आयुष्यभर कलमं बांधत होते. शाळा सुटली की मी तिथे पिशव्या भरायचो, लाल माती आणि शेणखत कालवून. चाफ्याचा चीक कपड्यावरून जात नाही, हे मी आईचा मार खाऊन शिकलोय. तुमचा अभ्यास कुठे झाला, तेही कळू द्या.

चाफा (देवचाफा, सोनचाफा नव्हे) मूळचा मेक्सिकोकडचा, मान्य. लेखात तसं लिहायला हवं होतं. पण मग मिरची, टोमॅटो, पेरू, झालंच तर सासवडचं सीताफळ, हेही अमेरिका खंडातूनच आलंय. तेही सोडायचं? चाफा सुचवला तो जन्मदाखला बघून नव्हे. खोडात पाणी धरून ठेवतो, त्यामुळे तुम्ही चार दिवस गावी गेलात तरी तगतो. फांदी तोडून चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवायची, मगच लावायची; ओली खोचली की बुडातून कुजते. पावसाळ्यात पानाच्या पाठीवर केशरी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं खुडून लांब टाकायची. हे सगळं लेखात आहे. वाचलंत?

जमिनीत लावलेला बहावा दहा मीटर उंच सहज होतो. तो अर्ध्या ड्रममध्ये लावून पिवळ्या झुंबरांची वाट बघत बसायचं? तामणाचंही तेच, राज्यफूल असलं म्हणून काय झालं! शंभर लिटर ओली माती दीडशे किलोच्या वर भरते, म्हणून ड्रम स्लॅबच्या मध्यावर न ठेवता कॉलमजवळ, बीमवर ठेवा, असं मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्यावर तुमचा एक शब्द नाही.

कढीपत्ता झाड की झुडूप, या वादात मला रस नाही. आमच्याकडे तो स्टुलावर चढून तोडावा लागतो.

देशीच हवं तर पारिजातक लावा, छाटणी छान सोसतो. तोही त्याच लेखात आहे, चाफ्याच्या लगेच खाली. तिथवर पोचायच्या आधीच तुम्ही बहुधा प्रतिक्रिया लिहायला घेतलीत.