खुलासा: कफ काढायचा, पण छाती पिळून नव्हे

आमच्या पेठेतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'जुनाट कफ असेल तर दिवसातून सहा-सात वेळा जोर लावून खोका, छाती कोरडी होईपर्यंत थांबू नका.' कृपया असं करू नका.

ब्रॉन्किएक्टेसिस या फुफ्फुसांच्या जुनाट आजारात श्वासनळ्या कायमच्या रुंदावतात, तिथं कफ साचतो, जंतू वाढतात. म्हणून तो रोज काढायलाच हवा, यात वाद नाही. पण सलग जोरात खोकलं की नळ्या दबतात, कफ आतच अडकतो आणि माणूस दमून जातो. माझ्या आईनं आठवडाभर तो मेसेज पाळला. रोज रंकाळ्यावर फिरणारी बाई चौथ्याच पायरीवर टेकली.

फिजिओथेरपिस्टनं शिकवलेली रीत अशी: सावकाश श्वास, मग तीन-चार खोल श्वास, मग तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ सोडावी तसं एक-दोनदा 'हाऽऽ'. पुन्हा सावकाश श्वास. हेच चक्र साधारण १० ते ३० मिनिटं, दिवसातून एक-दोनदा. जेवल्याबरोबर नको. लागोपाठ दोनदा 'हाऽऽ' कोरडा आला की थांबायचं, दमलात तर आधीच. कफ वाढला तर वेळा वाढतात, पण डॉक्टरांना विचारून. थुंकीत रक्त दिसलं तर हे सगळं बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा.