'स्नो व्हाइट'च्या आधी वीस वर्षं

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात तीन गोष्टी ठोकून सांगितल्यात: जगातली पहिली पूर्ण लांबीची ॲनिमेशन फिल्म म्हणजे डिस्नेची 'स्नो व्हाइट' (1937), आपल्या मातीत असलं काही नव्हतंच, सगळं अमेरिकेतून आलं, आणि कार्टून म्हणजे पोरांची करमणूक.

पहिली गोष्ट सरळ चूक. 1917 साली अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानी या व्यंगचित्रकाराने 'एल अपोस्तोल' काढला. पुठ्ठ्याच्या कापलेल्या आकृत्या, लांबी सुमारे 70 मिनिटं, विषय राष्ट्राध्यक्ष इरिगोयेन यांची टिंगल. त्याच्या प्रती 1926 च्या आगीत जळाल्या. त्यानेच 1931 मध्ये आवाजासह 'पेलुदोपोलिस' केला, तोही आज उरलेला नाही. बघता येत नाही म्हणून झालाच नाही, असं थोडंच आहे?

बघायलाच हवा असेल तर जर्मनीच्या लोटे रायनिगरचा 1926 चा 'प्रिन्स आखमेद' शाबूत आहे. काळ्या कागदाच्या आकृत्या कातरायच्या, खालून उजेड सोडायचा, कणभर हलवायच्या आणि एकेक फ्रेम टिपायची. यात तीन वर्षं गेली. सेलवर, म्हणजे पारदर्शक सेल्युलॉइडच्या शीटवर, हाताने चित्रं काढून पूर्ण लांबीची रंगीत फिल्म आधी डिस्नेने केली, तो मान त्याचाच. मेसेजात तेवढं लिहिलं असतं तर वाद नव्हता.

'आपल्या मातीत नव्हतं' हे मात्र सीमाभागातल्या माणसाने तरी पुढे पाठवू नये. कर्नाटकात तोगलु गोंबेयाटा, म्हणजे कातडी बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करणारे किळ्ळेक्यात समाजाचे लोक घरात मराठीचीच एक बोली बोलतात. आंबोली घाट उतरून कुडाळकडे गेलं की पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्या नाचवतात. हे ॲनिमेशन नव्हे, कबूल; इथे फ्रेम नाही, हात थेट चालतो. पण सांध्यांत हलणारी सपाट आकृती आणि मागचा दिवा, रायनिगरची जातकुळी हीच. शिवाय फाळक्यांनी 1915 साली 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या हलत्या केल्या, तेव्हा वॉल्ट डिस्ने शाळकरी पोरगा होता. तीही फिल्म हरवली.

अमेरिकेचा हात नव्हता असं मी म्हणत नाही. सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या 'द बनियन डीअर' या ॲनिमेशन फिल्मसाठी (1957) आपल्या लोकांना शिकवायला डिस्नेकडचे क्लेअर वीक्स आले होते. पण पुढे 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम'साठी आपले ॲनिमेटर राम मोहन यांनी हात मिळवला तो जपानच्या युगो साको यांच्याशी.

राहिली पोरांची करमणूक. 1986 चा ब्रिटिश 'व्हेन द विंड ब्लोज' घ्या. सरकारी पत्रकात लिहिल्याप्रमाणे घराची दारं काढून आडोसा करणारं म्हातारं जोडपं अणुबॉम्ब पडल्यावर दिवसेंदिवस खंगत जातं, तरी सरकार मदत पाठवील असंच म्हणत राहतं. मेसेज पाठवणाऱ्यांनी तो पाचवीतल्या पोराला शेजारी बसवून दाखवावा, आणि मग ग्रुपवर बोलावं.