मालकाचं उत्तर: मीटिऑरचं इंजिन 'मेलेलं' नाही, दादा

दादा, नमस्कार. आमच्याकडून घेतलेल्या रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० बाईकबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आरसी तुमच्या नावावर व्हायला तीन आठवडे उशीर झाला, त्याबद्दल माफी मागतो. एजंटवर ढकलत नाही, मागे लागायला आम्हीच कमी पडलो. तुमचा ॲड्रेस प्रूफ आठ दिवसांनी आला होता, पण असो.

'मेलेलं इंजिन गळ्यात मारलं, कन्नड घाटात मित्राच्या डॉमिनारनं धूळ चारली, या दुकानात पाय ठेवू नका' हे मात्र मनाला लागलं. धुळ्यात चौदा वर्षं सेकंडहँड गाड्या विकतोय, पाय ठेवू नका असं कोणी लिहिलं नव्हतं. काल सोनगीरची एक पार्टी येणार होती. फोन आला, 'रिव्ह्यू वाचला, नंतर बघू.'

आता घाटाचं. मीटिऑर ३४९ सीसीची, ताकद साधारण २० पीएस, म्हणजे अश्वशक्ती. मित्राची बजाज डॉमिनार ४०० म्हणजे ३७३ सीसी, ४० पीएस. वजन दोघींचं जवळपास सारखंच, १९० किलोच्या आसपास. मग चढावर पुढे कोण जाणार? नवी कोरी मीटिऑर शोरूममधून काढून नेली असती तरी मित्र पुढेच गेला असता. टॉर्कही, म्हणजे ओढायचा जोर, डॉमिनारचाच जास्त, ३५ न्यूटन मीटर, मीटिऑरचा २७. हे मी कधी लपवलं?

पण तो टॉर्क किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना येतो, तेही बघा ना. डॉमिनारचा ६५०० आरपीएमला, मीटिऑरचा ४००० ला. मीटिऑरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८५.८, म्हणजे पिस्टनची धाव लांब. डॉमिनारचं उलट, बोअर ८९ आणि स्ट्रोक ६०. डॉमिनारच्या इंजिनाला जोरात फिरायला आवडतं, मीटिऑरच्या इंजिनाला आरामात ओढायला. मीटिऑरची सगळी ताकद ६१०० ला संपते, त्यापुढे पिळाल तर नुसता आवाज. आरपीएमचा काटा तिला नाहीच, कानानं ओळखून गिअर टाकावा लागतो. तुम्ही फोनवर म्हणालात, 'दुसऱ्यातच पूर्ण पिळली, तरी जाईना.' दादा, डॉमिनारसारखी चालवली तर कशी जाईल? शिवाय गाडी दुकानात आणलीत तेव्हा मागच्या टायरात हवा निम्मीच होती. मेकॅनिकनं तुमच्यासमोर भरली, कम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून दाखवलं. ते रिव्ह्यूमध्ये कुठेच नाही.

गाडी घेतलीत त्या दिवशी दुकानात डॉमिनारही उभी होती, फक्त बारा हजार जास्त. मी दोनदा विचारलं, घाटात पळवायची आहे की वहिनींना घेऊन तोरणमाळला जायचंय? तुम्ही म्हणालात, 'आता वय झालं, निवांत धकधक पाहिजे.' वहिनी तर मीटिऑरच्या सीटवरून उतरायला तयार नव्हत्या. टेस्ट राईडला लळिंगपर्यंत जाऊन आलात, हसत आलात, चहा दोनदा घेतलात. तेव्हा इंजिन जिवंत होतं की.

राग धरू नका, गिऱ्हाईक म्हणजे घरचं माणूस. यापुढे कागदांचं लवकर बघू, टेस्ट राईडही जमेल तशी लांबची देऊ. रविवारी सकाळी सातच्या आत या, ऊन चढायच्या आधी. लळिंगचा चढ तुमची मीटिऑर मी चालवतो, तुम्ही मागे बसा. पेट्रोल माझं. तरी मेलेली वाटली तर एक स्टार राहू द्या.