घराकडे कित्याक नाय इलंस?

आज सकाळी पेपर उघडला आणि समोरचा चहा तसाच निवला. आमच्या तालुक्याच्या पानावर बातमी, 'पावसाळापूर्व आढावा बैठक संपन्न'. मी ओळी मोजल्या. बावीस. त्यातल्या सोळा ओळी नुसती नावं. अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख उपस्थिती कोणाची, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले. आणि बैठकीत ठरलं काय? 'विविध विषयांवर सविस्तर चर्चा झाली.' झालं, संपली बातमी. डोंगराखालच्या वाडीतली माणसं पावसात कुठे हलवणार, रात्री-अपरात्री त्यांना कोण उठवणार, एक शब्द नाही. माझी आतेबहीण त्या वाडीत राहते. तिच्या घरामागच्या डोंगराला गेल्या पावसात पडलेली भेग मी स्वतः पाहिली आहे, माझा अख्खा हात आत गेला.

बातमी देणारा पोरगा ओळखीचा. तडक फोन लावला. चांगलं झाडायचं ठरवलं होतं.

"बैठकीला गेला होतास?"

"होय काका, शेवटपर्यंत होतो."

"मग वाडीचं काय ठरलं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "व्हॉट्सॲपवर प्रेसनोट आली ती पुढे पाठवली. आपण विचारायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नाय, काका."

त्यानंतर माझ्या तोंडून शब्द फुटेना. कारण मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

१९९७ चा ऑगस्ट. मी नवा तालुका प्रतिनिधी, खिशात आयकार्ड, छाती पुढे. नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. वादळात एक होडी उलटली, वर तिघे खलाशी. मी बंदरावर गेलो, चार माणसांना विचारलं, सगळे म्हणाले तिघंही गेले. एसटीडी बूथवरून डेस्कला फोन केला, नावांसकट. सकाळी छापून आलं. तिघांतला धाकटा रात्रीच दुसऱ्या होडीने विजयदुर्गला उतरवला होता, घरी निरोपही पोचला होता. मला पत्ता नाही.

त्याची बहीण सासरहून पहिल्या एसटीने ऊर बडवत आली. हातात तो पेपर, पावसाने भिजलेला, माझी बातमी वर येईल अशी घडी घातलेला.

या पोरांना टपरीवर बसून 'विकले गेलेले' म्हणणाऱ्यांचा मला आज फार राग येतोय. यातली निम्मी पोरं बारावी होऊन, काजूची बाग नाहीतर रिक्षा सांभाळून बातम्या देतात. पेपरवाले काय देतात? आयकार्ड. चॅनलवाले? बूम, म्हणजे चॅनलचं नाव लावलेला माईक. आणि दोघेही न विसरता एक गोष्ट देतात, जाहिरातीचं टार्गेट. गणपतीची पुरवणी, दिवाळीची पुरवणी, १५ ऑगस्टची पुरवणी, साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी. ज्याच्याकडे सकाळी जाहिरात मागायची त्यालाच दुपारी अडचणीचा प्रश्न विचारायचा, अशी यांची रोजची स्थिती. प्रश्न कसा विचारायचा हे शिकवायला मात्र वर्षातून एक दिवससुद्धा कोणाकडे नाही.

आणि हे कुठे? ६ जानेवारी १८३२ ला ज्यांनी 'दर्पण' काढलं त्या बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले आमच्याच देवगड तालुक्यात आहे. दरवर्षी पत्रकार दिनाला हार पडतो, शाल, श्रीफळ, भाषणं, फोटो. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचीही बातमी सोळा नावांची! चीड येते हो.

पुण्या-मुंबईला कोर्स आहेत. आहेत, मान्य. देवगडचा पोरगा तिथे खोलीभाडं भरून राहणार कशाच्या जोरावर? मोबाईलवर बघूनही थोडंफार शिकता येतं म्हणा. इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, कशी लिहायची ते कळेल. पण पावसाचा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात, महसूल मंडळात, म्हणजे तलाठ्यांच्या वरच्या काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी म्हणतात, आणि पर्जन्यमापक मंडळाच्या गावात असतो, डोंगरापलीकडच्या तुमच्या वाडीत नसतो, म्हणून भरपाई अडते, हे कोण सांगणार? सातबारा आणि पंचनामा वाचायला कोण शिकवणार? पोक्सोच्या, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, गुन्ह्यात लेकराचं घर, शाळा, आईबापाचं नाव काहीच दाखवता येत नाही, कलम २३ आहे, हे त्या बूमवाल्या पोराला लाईव्ह जाण्याआधी कोण सांगणार?

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. असली तक्रार नुसती छापून भागत नाही. अर्ज कुठल्या कार्यालयात गेला, पोच कुठे आहे, शेरा काय मारला, उत्तर नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून ३० दिवस मोजायचे आणि एकतिसाव्या दिवशी पुन्हा दारात उभं राहायचं. हे सुद्धा सुतारकामासारखं आहे. कोणीतरी शेजारी बसून हातात रंधा द्यावा लागतो.

शिकवलं म्हणून पत्रकार सुरक्षित होत नाही, हेही खरं. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारीशेंना गाडीखाली चिरडलं. त्यांना काम येत नव्हतं म्हणून नव्हे. त्या दिवसापासून माझ्या घरचे मला 'आता पुरे' म्हणतात, आणि मी त्यांना काय उत्तर देऊ?

१९९७ ला डेस्कवरून मला फक्त एक ओळ मिळाली, 'खुलासा पाठवा'. पाठवला, आतल्या पानावर चार ओळी आल्या. पण मी त्या घरी गेलो. ओटीवर तो धाकटा गोधडी पांघरून बसलेला, डोळे लाल. उरलेल्या दोघांचा शोध चालूच होता. त्याच्या आईने मला शिवी दिली नाही. पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाली, "बंदरार इलंस, ह्याका त्याका इचारलंस. मगे आमच्या घराकडे कित्याक नाय इलंस?"

बंदरापासून ते घर चालत सात मिनिटांवर होतं.

माझं सगळं प्रशिक्षण एवढंच, आणि त्याची किंमत त्या बहिणीने मोजली. म्हणून सकाळचा फोन मी ठेवला नाही. पोराला म्हटलं, रविवारी ये, आपण दोघं वाडीत जाऊ. मोबाईल खिशात, वही हातात. आधी घरं मोजायची. मग भेग टेपने मोजायची, तारीख घालून लिहायची. मग प्रत्येक घरात विचारायचं, नोटीस आली का, आली तर कागद बघायचा, सही कोणाची आहे ते बघायचं. सोमवारी ती वही घेऊन तहसीलला.

तो म्हणाला, "काका, माझ्याबरोबर आणखी दोघं येतील, चालतील?"

देवगड, मालवण, कणकवलीकडच्या आणखी कोणाला यायचं असेल तर मेसेज करा. जुन्या उपसंपादक मित्रांनो, तुम्हीही या, निवृत्त होऊन घरी बसलायत ते. सकाळी साडेसातला स्टँडवर भेटू. वाडीची वाट पाखाडीची आहे आणि पाऊस कधीही सुरू होईल, चपला घट्ट घालून या.