दुर्बीण झाकण काढून उन्हात ठेवायची नाही, म्हणजे नाही

काल रात्री चिपळूणहून ताईचा फोन आला. भाच्याला दिवाळीत 114 मिमीची आरशाची दुर्बीण घेऊन दिलीय, सातवीत आहे तो. तिच्या ग्रुपवर "दुर्बीण घरी कशी सांभाळाल" असा मेसेज आलाय आणि ती विचारत होती, उद्या रविवार आहे तर गच्चीत उन्हात ठेवू का? माझ्या पोटात गोळाच आला. तोच मेसेज मलाही दोन ठिकाणांहून आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिलीच टीप: "बुरशी लागू नये म्हणून महिन्यातून एकदा झाकण काढून तासभर कडक उन्हात ठेवा." अहो, ही वस्तू प्रकाश गोळा करायलाच बनवलीय! 114 मिमीच्या आरशावर भर दुपारी साधारण 10 वॅट ऊन पडतं आणि नळी सूर्याकडे असेल तर ते सगळं नखापेक्षा लहान ठिपक्यात येतं. लहानपणी एवढ्याशा भिंगाने कागद जाळलाय ना आपण, मग हा आरसा काय करेल? आणि नळी दुसरीकडे वळवून ठेवली तरी तासाभरात सूर्य 15 अंश सरकतो, तो कधी समोर येईल ते तुम्ही बघत बसणार आहात का? आतलं प्लास्टिक वितळेल, ते जाऊ दे, पण शेजारी सातवीतला पोरगा आहे आणि तो आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, डोळा लावणारच. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, जळून गेल्यावरच समजतं. सेलेस्ट्रॉन या दुर्बिणी बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमधे सूर्याबद्दलचा इशाराच आहे की योग्य फिल्टर पुढून लावल्याशिवाय सूर्याकडे बघू नका, आयपीसला लावायचा सोलर फिल्टर वापरू नका कारण तो उष्णतेने तडकतो, आणि मुलं असतील तिथे दुर्बीण एकटी सोडू नका. फाइंडरलाही, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीलाही, हेच लागू, त्याचंही झाकण लावा.

ऊन ओल मारतं, एवढं मान्य. मग बॅग, कापडी कव्हर, रिकामा खोका घाला उन्हात. दुर्बीण सावलीतच.

दुसरं, "पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा." कोकणात जूनच्या हवेत बांधलीत तर तीच दमट हवा आत कोंडते आणि बुरशीला चार महिने निवांत मिळतात. सुती चादर गुंडाळा, आठ-दहा दिवसांनी पाऊस उघडला की काढून पंख्याखाली ठेवा. रात्री बाहेरून आणल्यावर दव असेल तर ते पूर्ण सुकल्याशिवाय झाकण लावू नका. हवाबंद डबा चालतो तो आयपीसना, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि त्या अधूनमधून बदलायच्या.

डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते आणि काही प्लास्टिकं मऊ पडतात.

"आरसा दर आठवड्याला ओल्या कपड्याने पुसा" हे वाचून तर मला खरंच राग आला. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, याचा पुढे असतो, ॲल्युमिनियमचा, केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. एकदा कपडा फिरवलात की चरे पडले, कायमचे. थोडी धूळ असली तरी गुरू-शनी छान दिसतात, राहू दे ती.

शेवटची टीप गॅलरीत ठेवण्याची, "म्हणजे बाहेरच्या हवेशी तापमान जुळतं". हे अर्धं खरंय, गरम खोलीतून थंडीत आणली की थोडा वेळ चित्र थरथरतं. त्यावर उपाय म्हणजे बघायच्या अर्धा तास आधी बाहेर न्या, एवढंच. पावसाच्या झडीत गॅलरीत कसली ठेवताय.

ताईला सांगितलंय, बेडरूमच्या कपाटात ठेव, बाहेरच्या ओल्या भिंतीला न चिकटवता, जमिनीपासून वर, नळी आडवी आणि दोन्ही झाकणं लावून. स्वयंपाकघराजवळ नको, फोडणीचा धूर तेलकट असतो. भाच्याने सकाळी कपाटाचा फोटो पाठवला, फाइंडरचं झाकण राहिलं होतं, परत लावायला लावलं.