एसएमपीएसचा पंखा आणि सात व्होल्टची युक्ती: अकोल्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुम्ही रोखठोक लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. इतरांसाठी थोडक्यात संदर्भ: एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्याचा आवाज कमी करण्याबद्दलच्या लेखात मी ‘डबा उघडू नका’ असं बजावलं होतं. तुमचं म्हणणं, मी उगाच घाबरवतो. पंखा सात व्होल्टवर टाकला की फुकटात काम होतं, तुम्ही स्वतः तसं केलंय आणि अजून काही बिघडलेलं नाही. शिवाय ‘गोल्ड’ (जास्त कार्यक्षमतेचा शिक्का असलेल्या) एसएमपीएसचा माझा सल्ला पैसेवाल्यांसाठी आहे.

आधी सात व्होल्टचं बघू. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ ची. पंखा या दोघींच्या मध्ये जोडला की त्याला फरकाचे ७ व्होल्ट मिळतात आणि तो हळू फिरतो. आवाज पडतो, यात वाद नाही. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. पण हवाही निम्मीच राहते.

खरी अडचण त्याच्या पुढची आहे. बहुतेक एसएमपीएसमध्ये हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) किंवा त्याच्या शेजारी एक थर्मिस्टर (तापमान ओळखणारा छोटा भाग) बसवलेला असतो. हीटसिंक तापला की तो पंख्याचे व्होल्ट वाढवायला लावतो. तुम्ही पंखा त्या सर्किटवरून सोडवून पिवळ्या-लाल तारांवर टाकलात, तेव्हा आत किती तापलंय याची खबर पंख्याला मिळणंच बंद झालं. जानेवारीतल्या सकाळी आणि मे महिन्यातल्या दुपारी तो एकाच वेगाने फिरणार. आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

‘अजून काही झालं नाही’ हे मला पटत नाही ते यामुळेच. आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) एका दिवसात जात नाहीत. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. मग कधीतरी त्यांची टोपी फुगते, १२ आणि ५ व्होल्टच्या लाइन अस्थिर होतात, आणि पीसी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला की माणूस विंडोज फॉरमॅट करत बसतो. एसएमपीएसचा संशय शेवटी येतो. तोवर मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क ते सगळं सोसत असतात.

आता भीतीबद्दल. भिंतीतून २३० व्होल्ट एसी येतात, ते रेक्टिफाय झाल्यावर, म्हणजे एसीचे डीसी झाल्यावर, मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी उभे राहतात. ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असेल तर ४०० च्या आसपास. प्लग काढल्यावर तो चार्ज एका रेझिस्टरमधून निचरून जावा अशी सोय असते, पण तो रेझिस्टरच गेलेला असेल तर बाहेरून काहीही कळत नाही. माझे बरेच वाचक कॉलेजातली मुलं आहेत. त्यांच्यापैकी एकाचंही बोट त्या टोकांवर पडू नये, म्हणून मी हे दहा वेळा लिहीन. पंखा बदलायचाच असेल, तर ज्याच्याकडे मीटर आहे आणि कपॅसिटर डिस्चार्ज करायची सवय आहे, अशा कारागिराकडून बदलून घ्या.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मात्र मी दोनदा वाचलं: कॅबिनेट टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे आणि धूळ नको म्हणून दार लावलेलं असतं. अहो, आवाजाचं मूळ तिथेच असणार! मागून निघालेली गरम हवा भिंतीला आपटून त्याच कप्प्यात फिरते आणि एसएमपीएस तीच पुन्हा ओढतो. पंखा ओरडतोय तो गरम हवेमुळे आणि आपण पंख्यालाच गप्प करतोय. रोग रेड्याला, औषध पखालीला. कॅबिनेट बाहेर काढा, जमिनीपासून वीतभर उंच स्टुलावर ठेवा, मागे हातभर जागा सोडा. एसएमपीएस खाली बसवलेला असेल तर त्याच्या तळाची जाळी धुऊन पूर्ण वाळवून लावा. जुन्या पद्धतीने वर असेल तर तो प्रोसेसरची गरम हवा पितो, तेव्हा मागे एक १२० मिमीचा केस फॅन लावा. ब्लोअर मारताना प्लग काढलेला असू द्या, आणि जाळीतून प्लॅस्टिकची काडी घालून पातं अडवा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. यातलं काहीही डबा न उघडता होतं आणि केस फॅन सोडला तर खर्चही नाही.

घरघर थंड पीसी सुरू करतानाच जास्त येत असेल तर बेअरिंग वाळलंय. कारागीर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडतात, त्याने काही काळ निभावतं. खोबरेल नको, ते थिजतं.

‘गोल्ड’बद्दल: चालू एसएमपीएस फेकून नवा आणा असं मी म्हटलेलं नाही, नवा घ्यायचाच असेल तेव्हाचा तो सल्ला आहे. पीसीला ३०० वॉट लागत असतील आणि कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर ७५ वॉट डब्यातच उष्णता म्हणून उरतात. ९० टक्के असेल तर ३३. निम्म्याहून कमी उष्णता म्हणजे पंख्यालाही तेवढंच कमी काम.

एक कराल का? तुमच्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर छापलेत ते वाचून कळवा, आणि ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे तेही. मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असतं आणि १२ व्होल्टवर १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॉटच निघतात, असे डबे बाजारात भरपूर आहेत. तुमचा तसला असेल, तर तो कार्डाच्या ओझ्याखाली तापतोय आणि पंख्याला कितीही व्होल्ट दिले तरी उपयोग नाही. तोवर पंखा मूळ कनेक्टरवर परत लावून घ्या, तोही कारागिराकडूनच.